एकेचाळीस नंबर

कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्या येतात.
सोमल मागून. त्याला वास नाही,
म्हणून हातमोजे.

कामाठीबागेतल्या या खोलीत
दिघ्यांचे पक्षी उताणे झोपलेत,
पाय बांधलेले, डोळ्यांत कापूस,
रावपुऱ्यातल्या कुठल्याशा पिंजाऱ्याकडचा.
निकोबारी कबूतर तेवढं अजून हिरवं,
घासल्या पितळेसारखं,
जणू नव्वद वर्षांत
त्याला कुणी कळवलंच नाही.

रंगनाथ दिघे, मुक्काम दांडिया बाजार,
दरबारच्या खर्चाने बेटावर गेले:
पत्र्याच्या दोन पेट्या, एक दुनळी,
आणि वर्षभराची वर्तमानपत्रं.
पानं दाबायला पानं.
त्याच रद्दीतून परत आला
केवड्याचा कुणी चुलतभाऊ,
दोन हात लांब, चार घड्या घालून.
मी तो उचलला, तर खाली
जुवारीचा भाव, एरंडीचा भाव,
लहरीपुऱ्यातून हरवलेल्या म्हशीची जाहिरात
आणि सगळ्यावरून गेलेला तपकिरी डाग,
शिरेसकट, काट्यांसकट.
म्हैस सापडली का, नोंद नाही.

चिठ्ठ्या मोडीत.
मी मोडी शिकले रविवारच्या वर्गात,
नोकरी पक्की व्हावी म्हणून.
अडखळत वाचते:
नर. कच्छल बेट. पोटात उंबराच्या बिया.
मादी. पाऊस. हात थरथरला, कातडं फाटलं.
कुजक्या पानांच्या ढिगात अंडी पुरतो हा पक्षी.
पिल्लू एकटंच माती उकरून वर येतं.
आज घरी बारसं असेल.
नाव काय ठेवलं, पुढच्या बोटीला कळेल.

पुढच्या चिठ्ठीत नुसती लांबी, रुंदी, चोचीचं माप.

आणि एकेचाळीस.
चिठ्ठी आहे. दोरा आहे. दोऱ्याला गाठ आहे.
गाठीत पाय नाही.
लहान घुबड, पिंगळ्याएवढं.
टप्प्यात होतं. माझ्याकडे बघत होतं.
बघू दिलं.

दर मार्चला ऑडिटचे साहेब येतात,
यादीवर बोट सरकवत थांबतात:
एकताळीस क्यां छे, बेन?
मी चिठ्ठी दाखवते.
आ तो कागळ छे.
गहाळ लिहू?
गहाळ नाही साहेब, तिकडेच आहे.
त्यांच्या फॉर्मात तसा रकाना नाही.
ते पेनाचं टोपण लावतात, काढतात.
मग चहा येतो.

सहाला कुलूप लावते, दोनदा ओढून बघते.
बागेतली वटवाघळं एव्हाना सुटलेली असतात.
विश्वामित्रीच्या पुलावर लोक
कठड्यावरून वाकलेत, मगरीसाठी.
एक पोरगा माझी ओढणी धरून विचारतो,
देखायो?
खाली नुसतं पाणी, शेवाळ,
एक चप्पल.
दिसली, म्हणते मी.
अगदी माझ्याकडे बघत होती.