तिसरी प्रत

ओबेद मुसांझे रावपुऱ्यात माझ्या टेबलासमोर बसायचा
गुडघे आखडून, कारण ते स्टूल गिऱ्हाइकांसाठी नव्हतंच,
त्यावर फितींचे डबे ठेवायचे.
एकोणऐंशीचा उन्हाळा. पंखा एक, तोही मशीनकडे वळवलेला.
प्रबंध दोनशे अकरा पानांचा, इंग्रजी,
पानाला साठ पैसे, कार्बनसकट.
शेवटचे चौदा रुपये राहिले.
वहीत अजून त्याच्या नावापुढे आहेत.

‘ताम्हणेबेन,’ म्हणायचा,
बडोद्याची सगळी सरमिसळ जिभेवर घेतलेला,
‘मोठा झालो की व्याजासकट.
तोवर तिसरी प्रत तारण ठेवा.’

झाला मोठा.
आधी कसल्याशा खात्याचा उपमंत्री, मग कैदी,
मग तुरुंगातून थेट पंतप्रधान.
सातव्या पानावर दोन बोटं बातमी,
आणि मी गल्लीभर पेढे वाटले,
जणू दांडिया बाजारातलाच कुणी.

दवाखाने बांधले त्यानं.
डोंगरापलीकडे रूळ नेले,
ज्यांची भाषा त्याला येत नव्हती त्यांच्या गावांपर्यंत.
मग दुसरी निवडणूक. मग तिसरी,
जिच्यात मतपेट्या मतदारांच्या आधी भरल्या.
मध्ये कधीतरी घटनेतलं एक कलम गेलं,
दुधाचा दात पडावा तसं,
फारसं न दुखता,
निदान ज्याचा पडला त्याला.

काल दोघं आली सयाजीगंजातल्या हॉस्टेलवरून,
त्याच्याच देशाची.
चिलेशेचा भाऊ निकालाच्या रात्री
रेडिओसाठी सेल आणायला गेला.
अजून आणतोय.
लुसियनची आई त्याच्या दवाखान्यात वाचली,
लुसियन तिथेच जन्मला.
दोघं भांडली त्यांच्या भाषेत,
मग मला कळावं म्हणून इंग्रजीत,
मग सेवउसळ आली, आणि तिखटानं
दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं.
कुणी काही विचारलं नाही.

तिला चौथं प्रकरण हवं होतं.
त्यानंच लिहिलंय म्हणे तिथे, वयाच्या सव्विसाव्या वर्षी:
या पदावर कुणी तिसऱ्यांदा बसू नये.
लायब्ररीतली प्रत वाळवीनं खाल्ली, की कुणी.

मी ट्रंकेतून तारण काढलं.
पान एकशे अडतीस. निळं, पुसट.
वाक्य होतं.
‘नॉट’ नव्हतं.

चूक माझी.
त्या दिवशी मुलगा तापानं फणफणला होता,
बोटं इथे होती आणि मी घरी.
ओबेदलाच सापडली. केवढा हसला!
‘बेन, तीन अक्षरं गाळून तुम्ही मला राजा केलंत.’
पहिल्या प्रतीत त्यानं पेनानं घातली.
दुसरीतही.
तिसरी मी पुढे केली, तर म्हणाला,
‘राहू दे. ती कोण वाचणार?’

चाळीस वर्षं ट्रंकेत
तिसऱ्यांदा बसावं, असंच लिहिलेलं होतं.

मी सांगितलं सगळं. चिलेशे म्हणाली, ‘मग लिहा ना आता.’
लुसियन म्हणाला, ‘ते अक्षर तुमचं होईल. त्याचं नाही.’
दोघांचंही खरं.
आणि माझे चौदा रुपये येणे, तेही खरं.

मशीन कोपऱ्यात आहे, फीत कधीच वाळली.
तरी पान चढवलं, ओळ जुळवली,
तीन कळा दाबल्या, एकेक.
शाई नाही, नुसते खळगे.
खिडकीशी तिरपं धरलं की वाचता येतात.

लुसियननं धरून पाहिलं. बराच वेळ.
चिलेशेनं फोन काढला.
फोटोत ते येत नाही.