डाव्याचा वाटा

एकेक मोजा कुणी विकत नाही.
जोडी घ्या काका, शंभराला तीन,
काळाचौकीच्या नाक्यावरचा पोरगा म्हणतो,
मग त्याची नजर माझ्या लेंग्याच्या खोचलेल्या टोकाशी येते
आणि पिशवीत मुकाट्यानं चौथी पडते.

शालनचं म्हणणं सरळ आहे:
मोज्याला डावा-उजवा नसतो.
आज हा घाला, उद्या तो.
हिशेबात चूक नाही.
वर्षभर घातलेही तसे.
पण दुसरा चढवताना दर वेळी वाटायचं,
कुणाच्या तरी पानातलं उचलून खातोय.

म्हणून बाजूला काढायला लागलो
डाव्याचा वाटा.
कोरे, घडी न मोडलेले,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
सोळा झाले तेव्हा झाकण लागेना.

सदतीस वर्षं मीटर वाचले मी.
शिवडी, कॉटन ग्रीन, घोडपदेव.
जिन्याखालचे, बोळातले, माळ्यावरचे,
टॉर्च दातांत धरून आकडे उतरवले.
बायका विचारायच्या, एवढं बिल कसं आलं?
पायांना कुणी काही विचारलं नाही.
केईएममध्ये मात्र एका कागदावर सही घेतली,
पायाचं पुढं काय करायचं त्याची.
कागद डोळ्यांजवळ धरून
सवयीनं आकडा शोधत राहिलो.
आकडा कुठेच नव्हता.

किमया समोरच्या खोलीतली.
तिची बाहुली मशीद बंदरच्या घाऊक मालातली,
एक डोळा मिटते, दुसरा मिटत नाही.
केस किमयानंच कापलेत, वाढतील या भरवशावर.
अंगाला रुमाल, वर रबरबँड.
हिला थंडी वाजते, म्हणाली.
मे महिना. अकरावा मजला. लिफ्ट बंद.
मी डबा उघडला.

शिकलो ते चुकत चुकत.
मोजा कापला की त्याच्या कडा ओठांसारख्या वळतात,
एक टाका निसटला तर थेट खालपर्यंत शिडी पडते.
दोरा ओढायचा नाही, सैल ठेवायचा,
नाहीतर डोकं आत जात नाही
आणि बाहुली रडत नाही, त्यामुळे कळत नाही.
वरची इलॅस्टिकची पट्टी म्हणजे आयती कंबर.
नळीचा झगा. दोन चिरा दिल्या की हात बाहेर.
बोटांकडच्या टोकाची टोपी.
टाचेपाशी मात्र कात्री अडायची.
तिथं आधीच कुणीतरी बाक देऊन ठेवलेला,
वळणाऱ्या कशासाठी तरी राखलेली जागा.
शेवटी तिथं बाहुलीचं ढुंगण बसवलं.
किमया लादीवर लोळून हसली.

सुई शालन ओवून देते, मला भोक दिसत नाही.
हिशेब आता तीही काढत नाही.
परवा स्वतःच्या जुन्या परकराची लेस
डब्यात ठेवून भांडी घासायला गेली.

रात्री डावी टाच खाजते,
म्हणजे जी नाही ती.
पूर्वी हात खाली जायचा
आणि गादीवर आपटायचा.
हल्ली मनातल्या मनात
एखादी बाही कापायला घेतो.

बाहुलीची पावलं एकदा नीट पाहिली.
टाचा कायम उचललेल्या, सगळा भार चवड्यावर,
कारखान्यातूनच जिना चढत निघालेली.
सोडली तर उभी राहत नाही,
भिंतीला टेकवावी लागते.
मला चालतं. मीही टेकूनच असतो.

काल किमया म्हणाली, आता हिला मोजे.
किती? मी विचारलं.
मोठ्या माणसांना साधं साधंही कळत नाही
अशा नजरेनं तिनं पाहिलं.
दोन.

शेंगदाण्याएवढी टाच काढायची
तर अख्खी संध्याकाळ गेली.
तीनदा उसवली.
पलीकडे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या मोजत होता.
शालननं ट्यूब लावली, झाले का?
एक झाला, म्हटलं.
दुसरा उद्या.