तीस इंच

करंगळीवरून धोटा गेला त्याला आता चार वर्षं.
टाके निघाले, नख पुन्हा आलं, वाकडं,
पण पहिल्या घरापासून तिसऱ्यापर्यंत
बोट पोचायचं ते पोचत नाही.
ऑर्केस्ट्रातले म्हणाले, मल्लेश, आता खुळखुळा वाजव की.
हसले. मीही हसलो.
घरी येऊन चौतीस इंची बेस कपाटावर ठेवला,
तोंड भिंतीकडं.

मैनुद्दीन चाचा पेट्या दुरुस्त करतात
विजापूर वेशीपाशी, मसाल्याच्या गिरणीला लागून.
त्यांच्याकडं तीन आखूड बेस आलेले,
कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलच्या सामानातून.
मांडीवर घेतला तर शेजारणीचं पोर घेतल्यासारखा,
हलका, आणि कधी रडेल सांगता येत नाही.

पहिला लाल. त्याची जाड तार
बाजेच्या सुतळीसारखी झोळ धरलेली.
दुसऱ्याची मान मे महिन्यानं वाकवलेली.
तिसरा काळा, पाठीवर बकलाचे ओरखडे.
ह्याच्यावर कुणीतरी पुष्कळ वाजवलंय, मी म्हणालो.
किंवा पट्टा वाईट होता, चाचा म्हणाले.

दुपारभर षटकोनी किल्ली. पाव फेरा, मग थांबायचं.
शिंकायचं. पुन्हा पाव फेरा.
वडील मागावरचा ताणा असाच बघायचे,
तळहात पालथा, डोळे भलतीकडं.
बाराव्या घरातला सूर जुळेना,
चाचांनी तारेचं टेकण अर्धा तांदूळ मागं घेतलं.
जुळला. पण वर सातव्या घरात काहीतरी करकरतंय
की बाहेरचे माग, कळायला मार्ग नाही,
सगळी गल्ली खडखडत होती.

आणि लाईट गेली.

मागांनी एकेक जादा ठोका टाकला आणि थांबले.
गिरणी थांबली. अँप्लिफायर गेला.
आता ऐक बे, चाचा म्हणाले, हनुवटी टेकव लाकडाला.
टेकवली.
मोकळी जाड तार दातांतून आत आली,
कवटीत फिरली, खाली उतरली
पार करंगळीच्या टाक्यांपर्यंत.
सातव्या घरात करकर नव्हती.
तिथं, बारीक तारेवर, जवळजवळ काहीच नव्हतं.
सूर उमटायचा आणि लगेच विझायचा.
असतंच प्रत्येकात कुठंतरी, चाचा म्हणाले,
लाकूड तेवढ्या जागी बोलत नाही.
किल्लीनं निघत नाही ते.
तिथं मुक्काम करू नको, हात लावून पुढं जा.

अंधारातच करून बघितलं.
पहिलं घर. तिसरं घर.
पोचली. वाकड्या नखासकट.

लाईट आली तेव्हा माग सुरू व्हायच्या आधी
चौकातला ट्रान्सफॉर्मर एकटाच गुणगुणत होता.
चाचांनी कान दिला.
तुझी बारीक तार त्याच्यापेक्षा केसभर खाली आहे, चढवू?
राहू दे चाचा, मी म्हणालो,
त्यालाच उतरवा.