उजवी भुवई

त्रिएस्ते, फेब्रुवारी एकोणीसशे नऊ.
बोरा सुटलेला, चौथा दिवस.
नाक्यानाक्यावर पालिकेने दोरखंड ताणले होते,
ते धरून माणसं सरकायची,
टोप्या दातांत.

गोदीच्या पायऱ्यांवर बॅरन टोलनाय पडला
त्याला नऊ दिवस झाले.
दोन गोळ्या, एक हातमोजा,
आणि एका मासळीवालीने पाहिलेला चेहरा.
ती बोलली ते मी उतरवून घेतलं.
मी युस्तिन पेर्तोत, पोलीस कचेरीतला तिसऱ्या वर्गाचा कारकून,
तीन भाषांचा हमाल :
तिची इटालियन साहेबांसाठी जर्मनमध्ये चढवायची,
टेकडीवरच्या आमच्या लोकांसाठी स्लोव्हेनमध्ये उतरवायची.

"वय तिशीचं. उंची मध्यम. केस काळे.
डाव्या भुवईत जुना व्रण, तिथे केस उगवत नाहीत."

एवढ्यावर इन्स्पेक्टर लांप्रेख्टने एकेचाळीस जण उचलले.
दोन खलाशी, एक न्हावी,
एक शाळामास्तर, बायकोने फेकलेल्या चिमट्याची हकीकत सांगताना
कानापर्यंत लाल झालेला.
माझा मेहुणाही. त्याच्या तर दोन्ही भुवया धड होत्या.
तिसऱ्या दिवशी सुटला.
तेव्हापासून बहीण मला बस म्हणत नाही.

मग पत्रक काढायचं ठरलं. इनाम दोन हजार क्राउन.

छापखाना सान जाकोमोच्या चढावर.
पहिलं प्रूफ संध्याकाळी आलं, शाई अजून ओली.
जर्मन बरोबर.
इटालियन बरोबर.
स्लोव्हेनमध्ये : "उजव्या भुवईत".

दोर धरून मी चढ चढलो.
खिळेजुळारी एकटाच होता, दिव्याखाली वाकलेला,
कपाळावर हिरवी झापड.
"इथे चुकलंय," मी म्हणालो, "डावी हवी."
त्याने कागदाकडे पाहिलंही नाही.
"जर्मन मी अक्षरं बघून लावतो.
हे वाचत वाचत लावलं.
मी ज्याला रोज पाहतो, त्याची उजवीच आहे."
आणि घाम पुसायला त्याने झापड वर केली.

भिंतीवर, बादलीच्या वर,
आरशाचा एक तुकडा खोचलेला होता.

बराच वेळ फक्त खिडकीचं तावदान बोलत होतं.
मग माझ्या तोंडून निघालं :
"दुरुस्त करा."

त्याने चिमट्याने शब्द उपसला.
आमच्या भाषेत 'डावी' 'उजवी'पेक्षा एका अक्षराने आखूड.
उरलेल्या फटीत त्याने कोरी पट्टी सरकवली,
अंगठ्याने दाबली,
निजलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तशी.
"किती प्रती?"
"चारशे."
"पहाटेपर्यंत होतील."

कचेरी तिथून दहा मिनिटांवर.
मी बंदराला वळसा घातला, मिठाच्या वखारीपाशी थांबलो,
एका बंद दुकानाच्या पाट्या वाचल्या, तिन्ही भाषांत.
दोन तास.
त्याला वेळ दिला म्हणालो तर खोटं नाही.
पाचावर धारण बसली होती म्हणालो तर तेही नाही.
मग जिना चढून लांप्रेख्टला सांगितलं.

ते गेले तेव्हा तो तिथेच होता.
तीनशे सत्त्याण्णव पत्रकं दोरीवर वाळत होती.
तीन राहिलीत, म्हणाला, तेवढी काढू द्या.
काढू दिली म्हणतात.

इनाम मासळीवालीला मिळालं.
मला दुसरा वर्ग, आणि खिडकीजवळचं टेबल.

पत्रकं भिंतीला लागलीच नाहीत, गरजच उरली नव्हती.
कागद चांगला होता, मागची बाजू कोरी,
म्हणून वर्षभर कचेरीने त्यावर कोळशाचे हिशेब मांडले.
बेरीज करताना पान उजेडात धरलं
की पलीकडची ओळ उलटी दिसायची.
पहिल्यांदा अडखळलो.
पुढे सरळ वाचता येऊ लागली.