शेऱ्याचा रकाना

पावियात त्या उन्हाळ्यात
एकेचाळीस जनुकं गप्प झाली होती.
रोग्यांची. निरोग्यांची बोलत होती, खणखणीत.
काचेची पट्टी, वीस हजार ठिपके,
बोटाच्या दोन पेरांत मावणारं अख्खं गाव,
लाल, हिरवं, मध्येच पिवळं,
आणि रोग्यांच्या गावात लाल दिवे विझलेले.
प्राध्यापक गल्लियार्दींनी बाटली उघडली.
मी आकडेमोड करणारा. मीही प्यालो.

चार महिन्यांनी एका रविवारी,
दुसरं काही सुचेना म्हणून,
त्याच पट्ट्या मी रोगानुसार न लावता
लावल्या वेळेनुसार.
तोंडचं पाणी पळालं.

निरोगी म्हणजे कोण, तर आमच्याच इस्पितळातल्या नर्सेस;
रात्रपाळी संपवून सातला रक्त देत आणि घरी जात.
रोग्यांचं रक्त क्रेमोनाहून यायचं,
एत्तोरेच्या गाडीतून, दुपारी एकला,
तेही तो वाटेत कॉफीला थांबला नाही तर.
बर्फाचं पाणी व्हायचं.
आरएनए लोण्याहून हळवा:
आलेखावर दोन शिखरं हवीत,
एखाद्या दिवशी एक खचलेलं,
एखाद्या दिवशी नुसती टेकाडं.
आम्ही म्हणायचो, चालेल.
चालेल किती वेळा म्हटलं
ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं.

मग पट्ट्या धुवायला तीन-चार वाजायचे.
पो नदीच्या खोऱ्यातली जुलैची दुपार,
पान हलत नाही,
मोटारींच्या धुरात उन्हानं शिजवलेला ओझोन.
हिरवा रंग त्याला भीक घालत नाही.
लाल उडतो,
कच्च्या रंगाच्या कापडासारखा, बघता बघता.

म्हणजे गप्प झालं होतं ते जनुक नव्हतं.
ती दुपार होती.

ओर्नेल्लाची वही मागवली.
सदतीस पट्ट्या, सदतीस ओळी,
शेवटच्या रकान्यात, जांभळ्या शाईत, गोल अक्षरांत:
खिडकी उघडी. उकाडा.
खिडकी उघडी.
आज डोळे चुरचुरतात.
तिसरी सुई ठिपका फाडते. सांगितलं आहे.
खिडकी उघडी. पंखा बंद. सांगितलं आहे.
तो रकाना माझ्या संगणकात कधी उतरलाच नव्हता;
आकडे नव्हते ना त्यात.
मी म्हणालो, बोलली का नाहीस?
ती हातमोजे काढत म्हणाली,
लिहिलंय की.

शोधनिबंध मागे घेतला.
खिडकीच्या जागी कोळशाची गाळणी आली.
आता चिठ्ठ्या टाकून ठरतं
कुणाची पट्टी सकाळी, कुणाची दुपारी,
आणि प्रत्येक नमुना दोनदा,
एकदा लाल, एकदा हिरवा.
एत्तोरेला कोरडा बर्फ मिळाला.
कॉफी त्यानं सोडलेली नाही.

एकेचाळिसांतली दोन अजूनही गप्पच आहेत.
खरोखरची, बहुतेक.

रात्री मी पट्टीचा तो कोपरा मोठा करून बघतो
जिथे मुद्दामच काही छापलेलं नसतं.
तिथेही थोडा उजेड असतो.
तो वजा करायचा असतो.
किती, यावर ओर्नेल्लाचं आणि माझं
अजून पटलेलं नाही.