तीस किलो

माझी खोली म्हणजे पूर्वीचं खेळाच्या सामानाचं कोठार.
कपाटामागे हवा गेलेला एक व्हॉलीबॉल अजून आहे.
मी तो हलवलेला नाही.
मुलांना बोलायचं नसतं तेव्हा
बघायला काहीतरी लागतं.

दारावर पाटी : समुपदेशक.
खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय,
‘इथे रडून मिळेल’.
सोहारच्या या अख्ख्या शाळेत मराठी लिहू शकणारी पोरं नऊ.
अक्षर मला ओळखता येतं.
पुसलं नाही.

उजैर पारकर, आठवी ब.
दंगा नाही, मार्क बरे, डबा मात्र न उघडता घरी जातो,
धाकट्या बहिणीसाठी.
कुरियन मिसनी त्याची गणिताची वही आणून दिली,
मागच्या पानाकडे बोट दाखवलं आणि तासाला पळाल्या.

कुकर – दोन किलो आठशे.
अम्मीचं शिवणयंत्र – नाही. (खोडलेलं.) न्यायचंच.
सनाची सायकल – नाही.
माझी पुस्तकं – लायब्ररीत देणे.
चादरी चार.
पप्पा –

पुढे काही नाही.
रेघ मात्र पट्टीनं मारलेली.

मी त्या ओळीबद्दल विचारलं नाही.
विचारलं, शिवणयंत्राचं वजन कसं काढलंस?
‘अंदाजे,’ म्हणाला, व्हॉलीबॉलकडे बघत.
‘जास्त भरलं तर विमानतळावर उघडायला लावतात सगळ्यांसमोर.’
एसी घरघरत होता.
मग म्हणाला, कंपनी बंद पडलीय.
मग म्हणाला, चार महिने.
मग घंटा झाली.

वडील आले गुरुवारी, शेवटच्या तासाला.
जाड बूट त्यांनी बाहेर काढून ठेवले, पाटीखाली.
खुर्चीवर बसेनात, कपड्यांना सिमेंट होतं.
‘काय केलान पोरानं?’
मी म्हटलं, हिशेब केलाय.
वही पुढे सरकवली.
त्यांनी पान वाचलं. उलटून कोरी बाजू वाचली.
मग तेही व्हॉलीबॉलकडे बघत राहिले.

आम्हाला शिकवलं होतं,
उत्तरं देऊ नका, माणसाला स्वतःचं उत्तर सापडू द्या.
ठीक आहे.
पण एकवीस तारखेची तिकिटं काढलेली,
पगाराची केस लागलेली,
तो मिळेपर्यंत बाप इथेच, सहाजणांच्या खोलीत.
यात सापडायचं काय उरतं?

मी अर्ज लिहिला. फी थकली असली तरी दाखला अडवू नये,
म्हणून मुख्याध्यापकांच्या दाराशी दोनदा उभी राहिले.
खेडच्या शाळेत फोन लावला :
मधल्या सत्रात आठवीत एक मुलगा घ्याल का?
मराठी वाचतो, जोडाक्षराला अडखळतो.
पलीकडून सर म्हणाले, आमचेही अडखळतात, पाठवा.
त्या एका वाक्यावर माझा तो आठवडा निघाला.

आई आली तेव्हा ओढणीच्या टोकाशी
दोन तासांच्या पार्किंगची चिठ्ठी घट्ट धरून होती.
सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि विचारलं,
‘तिकडं शाळेत तुमच्यासारखी बाय असते?’
हो म्हणणं सोपं होतं.
म्हटलं, नसेल बहुतेक. माझा नंबर घ्या.
तिनं तो उजैरच्याच वहीत लिहून घेतला,
चादरींच्या खाली.

दवाखान्यातला वजनकाटा मी शनिवार-रविवारसाठी
सही करून त्यांच्या घरी पाठवला.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘विद्यार्थी-साहाय्य’.

सोमवारी काटा परत आला, वहीही आली.
यंत्र सव्वासहा किलो. चादरी तीनच.
सायकलीपुढे ‘वरच्या मजल्यावरच्या बेबीला’.
आणि पट्टीनं मारलेल्या रेघेपुढे,
मुलाचं नसलेल्या, जाड, थांबत थांबत लिहिलेल्या अक्षरात
एकच शब्द :
मागाहून.

उजैरनं वही उघडून दाखवली, मिटली,
आणि पहिल्यांदाच त्या व्हॉलीबॉलला
पायानं हलकेच ढकललं.
तो गडगडला नाही, नुसता कलंडला.

दुपारी सिस्टर तक्रार घेऊन आल्या :
काटा बिघडवलाय कुणीतरी,
वर काहीही नसताना दोनशे ग्रॅम दाखवतो.
मी म्हटलं, सेल बदलून बघा.
दारात नववीतली एक मुलगी उभी होती,
आत येऊ का, असं न विचारता.