शंभरात किती

राजेशम गड्डम विचारतात, सर, शंभरात किती?
ते चिंचोळीला टॉवेल तपासतात,
ट्यूबलाइटच्या टेबलाशी, उभ्यानं, एक्स्पोर्टचा माल.
शंभर नगांत सहा सेकंड निघाले तर चालतं.
सातवा निघाला की सुपरवायझरचा आवाज चढतो.

मी गणिताचा मास्तर, आकडा मागितला की मला बरं वाटतं.
अशोक चौकातल्या टपरीवर लाइट बिलाच्या पाठीवर मांडलं:
अर्ज शंभर, घेणार चार.
चारांत परदेशातला अर्धा.
त्या अर्ध्यात, फी तुम्हीच भरा म्हणणाऱ्यांची रांग वेगळी,
तिथं आणखी दहानं भागायचं.
पेन थांबलं. पुढचं माणसात मोजता येईना.
"म्हणजे पोरीचं एक बोट जाईल अमेरिकेला,"
राजेशम म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो,
आणि चहाचे पैसे मी दिले.

हरिणीला पुण्याच्या एका सल्लागारानं अर्धा तास फुकट दिला होता.
स्टोरी काय तुझी? आई विड्या वळते? मग तेच लिही की.
फोन ठेवून ती माझ्याकडे आली, सायकल स्टँडला न लावताच.
सर, विड्या आईच्या आहेत. मी कशा वापरू?
आणि तिनं लिहिलं सात रस्त्यावर.
की सात हा विषम आकडा,
एका रस्त्यानं आलं, दुसऱ्यानं गेलं, अशा तीनच जोड्या लागतात,
म्हणून गावातले सगळे रस्ते एकेकदाच चालायचे असतील
तर त्या चौकात फेरी सुरू तरी होते, नाहीतर संपते तरी.
साडेसहाशे शब्द. त्यात गड्ड्याची जत्रा नाही,
गरिबी तर नावाला नाही.
मी एखादा काना सुधारला असता, पण इंग्रजीत काना नसतो.

शिफारशीच्या फॉर्मात माझ्यासाठी एक प्रश्न होता:
तुमच्या आख्ख्या नोकरीत ही मुलगी कितवी?
पुढं चौकोन. सरासरी. चांगली. पहिल्या दहा टक्क्यांत.
मोजक्या काहींपैकी.
आणि शेवटचा: आजवरची सर्वोत्तम.
सल्लागार म्हणाला होता, शेवटच्यावरच टिक मारा, बाकी सगळी रद्दी.

रात्री एक वाजता माउस धरून बसलो
आणि अंबादास सग्गम आठवला,
फळ्याकडं न बघता उत्तर सांगायचा, आता मागावरची डॉबी दुरुस्त करतो.
कौसर नदाफ आठवली, बारावीच्या आत लग्न झालेली,
जिनं माझी चूक मला दाखवली होती
भर वर्गात, पण हळू आवाजात.
त्यांच्या वेळी फॉर्म आला नव्हता.
सत्तावीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी विचारलं,
आणि तेही एकीबद्दल.

मी कशावर टिक मारली ते गड्डमांना सांगितलेलं नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो, एक सही राहिली होती.
सुगुणाबाई सुपात पानं कापत होत्या,
मान वर न करता म्हणाल्या, "सर, तिकडं छाट किती काढतेत?"
त्या हजार विड्या देतात.
ठेकेदार शंभर-सव्वाशे छाट म्हणून बाजूला सारतो,
त्यांचे पैसे नाहीत.
मी म्हणालो, शंभरात शहाण्णव.
कात्री थांबली.
"मग छाटीचं ते काय करतेत?"
मला कळलं नाही. त्यांनी समजावलं, ढ पोराला समजावतात तसं:
"आमचा फेकत नाही ओ. पैसे कापतो, अन् त्याच पुड्यात भरतो.
जळतेत सारख्याच."

आतून हरिणी ओरडली, आई, सरांना चहा ठेव.
सुगुणाबाईंनी पानं ओल्या फडक्यात गुंडाळली.
मी सहीसाठी पेन शोधायला खिशात हात घातला,
तर ते लाइट बिल लागलं.
भरायची तारीख उलटून गेली होती.